नवेगाव तीन आहेत भाऊ, तुमचं कोणतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय, ‘नवेगावची सकाळची सफारी बुक झाली, आता नवेगावबांधला मुक्कामाची सोय सांगा.’ मुक्कामाचं राहू द्या. आधी सफारीचा परवाना उघडा आणि गेटच्या नावाऐवजी व्याघ्र प्रकल्पाचं नाव वाचा.

ताडोबाच्या कोअरला, म्हणजे आतल्या गाभ्याच्या जंगलाला, नवेगाव नावाचं एक गेट आहे, ते चिमूरकडे. नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिसरं नवेगाव खैरी, नागपूर जिल्ह्यात पारशिवनीकडचं, पेंच नदीवरचं धरण. पहिल्या दोन्हींमध्ये रस्त्यानं शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर. गेट उजाडताना उघडतं, त्यामुळे चूक पहाटे लक्षात आली की फेरी गेलीच. एका गेटचा परवाना दुसऱ्यावर चालत नाही. याच घोळात आमच्या सहा जणांचे पैसे बुडाले. निघायच्या आधी एका कार्यालयाला फोनही केला होता. ‘नवेगाव ना? या, होऊन जाईल.’ कोणतं नवेगाव, हे विचारायची तसदी नाही! तेव्हापासून फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर माझा काडीचा भरवसा नाही.

परवाना गोंदियाचाच निघाला तरी अजून एक गोम आहे. नवेगाव-नागझिरा प्रकल्प २०१३ मध्ये झाला, पण ते सलग जंगल नाही. दक्षिणेला नवेगाव, उत्तरेला नागझिरा, मधून राष्ट्रीय महामार्ग, गावं, शेतं. परवान्यावर नागझिऱ्याचं पिटेझरी गेट असेल तर साकोलीकडे राहा, चोरखमारा असेल तर तिरोड्याकडे. नवेगावबांधला राहून पहाटे नागझिऱ्याचं गेट गाठायचं म्हणजे झोपेचं खोबरं.

बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर टाकला तेच मूळ कार्ड सोबत घ्या, सगळ्यांचं. आधारचा नंबर टाकून लायसन्स दाखवलं की गेटवर वाद होतो. जिप्सी आणि गाईडसाठी रोख ठेवा, मोबाईलच्या रेंजचा नेम नसतो. दर आणि सुटीचा वार प्रत्येक प्रकल्पात वेगळा, तो त्या-त्या ठिकाणचा बघा. ताडोब्याचा मंगळवार इथे लावू नका.

माझं मत विचाराल तर (पटलं नाही तर सोडून द्या) नागझिऱ्यात वाघामागे गाडी पळवू नका. रानकुत्र्यांचा कळप दिसला तर इंजिन बंद करून थांबा. गाडी आडवी घातली की कळप फुटतो, शिकार हातची जाते.

आणि गोंदियाकडे येताच आहात तर सारस पक्षीही बघून घ्या, त्याला सफारी लागत नाही. पण रस्त्यावरूनच, दुर्बिणीनं. पावसाळ्यात तो भाताच्या बांधीतच (पाणी साचवलेल्या खाचरातच) घरटं करतो, अंडी बहुधा दोनच. फोटोसाठी कोणी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) आत गेलं की जोडी उठते आणि अंडी कावळ्यांना मोकळी. शेतकरी ओरडला तर त्याचंही चूक नाही, रोवणा, म्हणजे लावलेला भात, त्याचा तुडवला जातो.