गॅलोवे पहिल्यांदा वाचताना

सुरुवात स्कॉटिश लेखिका जॅनिस गॅलोवे यांच्या ‘द ट्रिक इज टू कीप ब्रीदिंग’ (१९८९) या कादंबरीपासून करताय, हे फार चांगलं. घाबरू नका, कथानक साधं आहे. जॉय स्टोन ही शिक्षिका. तिचा विवाहित प्रियकर मायकेल बुडून गेला, आणि चारचौघांत रडायचा हक्कही तिला नाही.

नवे वाचक अडखळतात ते समासात. तिथे पानाच्या कडेला कापली गेलेली अर्धवट वाक्यं दिसतात. ती छपाईची चूक समजून सोडू नका. जॉय जे दाबून ठेवते ते तिथून बाहेर येतं. डॉक्टरशी तिचं बोलणं नाटकाच्या संहितेसारखं छापलंय. ते मोठ्याने वाचाच, दोघंही नेमून दिलेली वाक्यं बोलताहेत हे लगेच कळतं.

आणखी दोन गोष्टी:

- तिच्या आजाराचं नाव शोधत बसू नका. तिचे डॉक्टरही त्यातच अडकलेत.
- मासिकांतले सल्ले, राशिभविष्य, पाककृती गाळू नका. बाईने कसं असावं हे तिला कोण कोण ऐकवतंय, ते तिथेच सापडतं.

जड वाटलं तर थोडी थोडी पानं वाचा. समीक्षा आत्ता नकोच. नंतर ॲली स्मिथ यांची ‘होटेल वर्ल्ड’ (२००१) ही कादंबरी घ्या.