फुग्यातील हवा मोजताना बेळगावचा दाब कोणता धरावा?

ताई, तुमच्या वर्गातील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी फुग्याचा परीघ मोजला, वायूच्या समीकरणाने (दाब, घनफळ आणि तापमान यांवरून वायूचे प्रमाण देणाऱ्या सूत्राने) आतील हवेचे वस्तुमान ५.७ ग्रॅम काढले, पण सराफी काट्यावर रिकाम्या आणि फुगवलेल्या फुग्यात ०.१ ग्रॅमहून जरासाच अधिक फरक दिसला. तेव्हा चूक समीकरणाची की काट्याची, असे आपण विचारले आहे. समीकरण बरोबर आहे आणि काटाही. अडचण आहे ती समीकरणात घातलेल्या दाबात, आणि काटा नेमके काय मोजतो हे लक्षात न घेण्यात.

मुलांनी दाब १०१३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक) धरला आहे. तो समुद्रसपाटीचा प्रमाण दाब झाला. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील प्रत्यक्ष दाब ९२५ च्या आसपास असतो. हवामानाच्या ॲपमध्ये बेळगावसाठीही १०१० सारखा आकडा दिसतो, आणि बहुतेकांची फसगत तेथेच होते. निरनिराळ्या उंचीवरील गावांची तुलना करता यावी म्हणून तो आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. गोव्यात घेतलेले वेफर्सचे पाकीट चोर्ला घाट चढून आल्यावर टम्म फुगते, ते प्रत्यक्ष दाबातील याच फरकामुळे. ज्या मोबाईलमध्ये दाबमापक असतो, त्यावर खरा स्थानिक दाब वाचता येतो.

रबराच्या ताणामुळे आतील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक असतो. तो मोजण्यासाठी सलाईनची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तीत पाणी भरावे आणि एक टोक फुग्याच्या तोंडाला घट्ट बांधावे. दोन्ही बाजूंच्या पातळीतील प्रत्येक सेंटिमीटर फरक म्हणजे जवळजवळ एक हेक्टोपास्कल. साध्या फुग्यात हा फरक बहुधा २० ते ३० सेंटिमीटर येतो, म्हणजे सुमारे तीन टक्के. समुद्रसपाटीचा दाब धरल्याने होणारी चूक मात्र नऊ टक्क्यांची असते. (हा जादा दाब फुगा मोठा झाल्यावर नव्हे, तर फुगवायला सुरुवात करतानाच सर्वांत जास्त असतो, मुलांना हे अवश्य मोजू द्यावे.)

आता आपलाच फुगा घेऊ. परीघ ६६ सेंटिमीटर, म्हणून गोल मानल्यास घनफळ सुमारे ४.८५ लिटर. तापमान २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन. आतील दाब ९५० (बाहेरचा ९२५ अधिक रबराच्या ताणाचे सुमारे २५) धरला की ०.१८५ मोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे ५.३५ ग्रॅम हवा मिळते. पण तेवढ्याच जागेतील बाहेरची हवा ५.२१ ग्रॅम भरते आणि फुग्याला तितकेच वर उचलून धरते, त्यामुळे काट्यावर उरतो तो केवळ ०.१४ ग्रॅमचा फरक. आपल्या मुलांनी नेमका तोच पाहिला आहे! फुगा तोंडाने न फुगवता पंपाने फुगवावा, कारण उच्छ्वासातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड इतक्या लहान फरकात ढवळाढवळ करतात. परीघही काळजीपूर्वक मोजावा. त्यात दोन टक्के चूक झाली, तर घनफळात सहा टक्के होते.

तापमानाचा परिणाम त्या मानाने सौम्य आहे. दुपारी ३२ अंशांना भरलेला फुगा पहाटे १७ अंशांना पाच टक्के घनफळ गमावतो, पण व्यास दोन टक्क्यांनीही घटत नाही. सकाळी फुगा स्पष्टच सुकलेला दिसला, तर हवा झिरपली असे समजावे.

हेलियमचा फुगा असेल, तर काटाच उत्तम मोजमाप देतो. काट्यावर वजनदार डबी ठेवून फुगा तिला बांधावा, वजन किती घटले ते पाहावे आणि त्यात रिकाम्या फुग्याचे व दोऱ्याचे वजन मिळवावे. हेलियमचा प्रत्येक मोल सुमारे २४ ते २५ ग्रॅम उचलतो, मग तो बेळगावात असो वा पणजीत, कारण आतील हेलियम आणि बाहेरची हवा दोन्ही एकाच प्रमाणात विरळ होतात. वजन ७ ग्रॅमने घटले आणि फुगा व दोरा मिळून ३ ग्रॅमचे असतील, तर आत जवळपास ०.४ मोल हेलियम आहे, आणि बेळगावच्या दाबाला त्याचे घनफळ साडेदहा लिटरच्या आसपास भरेल.