केळ्यांवरच्या चिलटांत नर-मादी कसे ओळखायचे? जात कोणती?

पिकल्या केळ्यांवरची लाल डोळ्यांची चिलटं बहुधा ड्रोसोफिला मेलानोगास्टर किंवा तिच्या जवळच्या जातीची असतात. त्यांतला नर पुढच्या पायावरून ओळखा. भिंगातून तिथे राठ काळ्या केसांची फणी दिसते, मादीला ती नसते. जनुकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पोटही बघायला शिकवतात: मेलानोगास्टर नराचं टोक गोल, काळंभोर; मादीचं निमुळतं, पट्टेरी. पण कोशातून नुकतीच निघालेली माशी फिकट असते, तिथे रंगावर जाऊ नका. भारतात सर्रास आढळणाऱ्या अनानासी जातीच्या नराला तर काळं टोक नसतंच, त्याची फणी मात्र अनेक आडव्या ओळींची. जात ठरवायला नरच पकडा. मेलानोगास्टर आणि तिच्या जवळच्या सिम्युलान्स जातीच्या माद्या सूक्ष्मदर्शकाखालीही जवळजवळ सारख्याच दिसतात.