ओढणी विकली, चित्र विकलं नाही. पण पहिली ओढणी कोणासाठी रंगवली होती?

प्रश्न : मी नाशिकला राहते. सुती ओढण्या, कुर्ते, साड्या हाताने रंगवते आणि प्रदर्शनांत विकते. नाशिकमध्ये आणि वर्षातून एकदा पुण्याच्या भीमथडीत. गोदाघाटाची माझी एक ओढणी चांगली चालते. एका पदरावर दुतोंड्या मारुती, दुसऱ्यावर नारोशंकराची घंटा, काठाला द्राक्षवेल. किंमत २,८०० रुपये. गेल्या दिवाळीत एका गृहस्थांनी तीन ओढण्या रोखीने नेल्या. आता शहरातल्याच एका दुकानात तीच ओढणी डिजिटल प्रिंटमध्ये ४५० रुपयांना मिळते. त्या तीनपैकी एकीवर रंगाचा थेंब पडला होता, तो झाकायला मी तिथे खंड्या पक्षी काढला होता. दुकानातल्या ओढणीवर तो खंड्यासुद्धा आहे! विचारायला गेले तर म्हणाले, "पैसे मोजून घेतली, आता आमची. तुमचं रजिस्ट्रेशन दाखवा." हे चित्र मी पहिल्यांदा २०२२ मध्ये एका ओळखीच्या ताईंच्या मुलीच्या लग्नासाठी केलं होतं. आजवर अशा ४३ ओढण्या झाल्या. हल्ली बाह्यरेषा स्क्रीन प्रिंट करून घेते, रंग हातानेच भरते. डिसेंबरसाठी आणखी १५ करायच्या आहेत. पोलिसांत जाऊ की फेसबुकवर त्यांचा फोटो टाकू?

उत्तर : ताई, दुकानदाराच्या दोन्ही वाक्यांना कायद्यात आधार नाही. तुमची खरी अडचण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन गोष्टींत आहे : लग्नासाठी केलेली पहिली ओढणी, ४३ हा आकडा आणि ती स्क्रीन. पण आधी दुकानदाराचं बघू.

"पैसे मोजून घेतली" म्हणजे ओढणी घेतली. ती त्यांनी वापरावी, भेट द्यावी, पुन्हा विकावी. त्यावरच्या चित्राच्या प्रती काढायचा हक्क मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ प्रमाणे चित्राच्या मालकाकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला कागद लागतो. प्रदर्शनात रोख रकमेवर झालेल्या विक्रीने तो जात नाही. रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर कॉपीराइट चित्र काढल्याबरोबर निर्माण होतो, दावा लावायला नोंदणीची अट नाही. नोंदणीचा उपयोग एवढाच की कलम ४८ प्रमाणे तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. कलाकृतीची फी ५०० रुपये आहे, पण वस्तूंवर वापरायची कलाकृती असेल तर २,०००, आणि तिला ट्रेडमार्क निबंधकाचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. आज हातात पैसे मोजके असतील तर ते इथे घालू नका.

आता लग्नाची ओढणी. कलम १७(ब) असं आहे की कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि उलट करार झालेला नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, चित्रकार नाही. ऑर्डरवर काम करणाऱ्या बहुतेक कलाकारांना हे ठाऊक नसतं. समोरच्या वकिलाला ठाऊक असेल. "मॅडम, हे चित्र तुमचं नाहीच, त्या लग्नाच्या घरचं आहे," एवढ्या एका मुद्द्यावर तो तुमचा मनाई अर्ज (विक्री थांबवण्याचा हुकूम मागणारा अर्ज) लटकवू शकतो.

म्हणून मला एकच गोष्ट आधी कळायला हवी : त्या ताईंनी "गोदाघाट काढून द्या" म्हणून चित्र घडवून घेतलं, की तुमच्या वहीत आधीच असलेलं चित्र त्यांनी पसंत केलं? दुसरं असेल तर तो वहीचा कागद शोधा. तो आधीचा, तुमच्या मर्जीने केलेला, म्हणून तुमचा. ओढणी ही त्याची पुढची आवृत्ती. कागदावर तारीख नसेल तर आज टाकू नका. मागची तारीख उलटतपासणीत उघडी पडली की खंड्यासकट सगळं गेलं. त्या पानाचा मोबाइलमधला जुना फोटो, त्या ताईंशी झालेलं चॅट यातून तारीख आपोआप उभी राहते.

चित्र खरंच त्यांच्या सांगण्यावरून झालं असेल, तरी घाबरू नका. ओळखीच्या आहेत, त्यांच्याकडून कॉपीराइट लेखी तुमच्या नावे करून घ्या. कागदात चित्राचं वर्णन, सोबत फोटो, मोबदला (नाममात्र चालेल), मुदत आणि प्रदेश असा स्पष्ट उल्लेख हवा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. "संपूर्ण कॉपीराइट मुदतीसाठी" हे शब्द विसरू नका. हा कागद झाल्यावरच नोटीस.

दुसरी गोष्ट ४३. कलम १५(२) सांगतं की डिझाइन (वस्तूवर उतरवायची नक्षी किंवा रूप) म्हणून नोंदवता येण्याजोगी, पण न नोंदवलेली रचना औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा वस्तूवर उतरली की तिच्यातला कॉपीराइट संपतो. मोजायच्या त्या फक्त मालकाने किंवा त्याच्या परवानगीने काढलेल्या प्रती. दुकानदाराने ५०० छापल्या तरी त्या तुमच्या खात्यात येत नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. नेमकं उलटं सांगून लोकांना घाबरवलं जातं. तयार कपड्यांच्या बाबतीत हा आकडा किती महागात पडतो ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या रितिका विरुद्ध बिबा निकालात दिसतं. तिथे स्केचवरून ५० पेक्षा जास्त कपडे निघाले होते, डिझाइनची नोंदणी नव्हती, आणि कॉपीराइटचा आधार गेला.

तुम्ही म्हणाल, मी तर हाताने रंगवते, ही कसली औद्योगिक प्रक्रिया? मुद्दा चांगला आहे आणि आपण तो मांडूच. सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०२५ च्या क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स निकालात म्हटलं आहे की आधी हे पाहायचं, काम मुळात शुद्ध कलाकृती आहे की तिच्यावरून औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरवलेलं डिझाइन. पण डिझाइन कायदा, २००० च्या व्याख्येत "हाताने, यंत्राने किंवा रासायनिक" अशा सगळ्याच प्रक्रिया येतात, आणि समोरचा त्यावरच बोट ठेवणार. त्यात तुम्ही स्क्रीन आणलीत. मोकळ्या हाताने काढलेल्या ओढण्यांबद्दल ठामपणे बोलता येतं. बाह्यरेषा स्क्रीनने आलेल्यांबद्दल तेवढं ठाम राहता येत नाही. म्हणून सगळ्या ४३ मोजणीत धरूनच चालायचं. ४३ आणि १५ मिळून ५८ होतात. त्या १५ करू नका. "पन्नासपेक्षा जास्त" म्हणजे पन्नासावी चालते, एक्कावन्नावी बुडवते, पण काठावर जाऊन उभं राहण्यातही शहाणपण नाही. डिसेंबरसाठी दुसरं चित्र काढा. मारुतीचा शेंदूर बदलला आणि द्राक्षाचा घोस डावीकडे नेला म्हणजे दुसरं चित्र होत नाही. रचनाच वेगळी हवी.

स्क्रीन आणि तिची फिल्म आजच छापखान्यातून घरी आणा. त्या बिलांवर किती नग छापले ते लिहिलेलं असतं. बिलं ६० ओढण्यांची असतील आणि तुम्ही शपथेवर ४३ म्हणालात, तर कोर्ट तुमच्यावर विश्वास का ठेवेल? आकडा पक्का करूनच वकिलाकडे जा, आणि तो जास्त निघाला तर वकिलापासून लपवू नका.

खंड्या मात्र तुमचा हुकमी एक्का आहे. घाट, घंटा, मारुती कोणीही काढावं, ती सगळ्या नाशिकची आहेत. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं यावर आपण पूर मोजतो, त्याच्यावर कोणाचा मक्ता? कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. काठ वारलीचा असता तर "वारली सगळ्यांचीच" हे उत्तर आलं असतं, आणि शैलीपुरतं ते खरंही ठरलं असतं. पण चूक झाकायला काढलेला पक्षी त्याच जागी, त्याच बाकाने दुसऱ्याच्या कापडावर येणं हा योगायोग नसतो. त्यासाठी ती विशिष्ट ओढणी तुमचीच होती हे दाखवणारा, विक्रीआधीचा फोटो लागेल. मोबाइलमधली मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून काढल्याची तारीख-वेळ गळून जाते. आणि हे चित्र तुम्ही कोणाच्या छायाचित्रावरून तर उतरवलं नाही ना? तसं असेल तर आत्ताच सांगा.

दुकानातून एक नाही, दोन ओढण्या विकत आणा, पक्क्या बिलासह. बिल देत नसतील तर यूपीआयने पैसे द्या. दोन एवढ्यासाठी की दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की ब्रशचा प्रत्येक फराटा तंतोतंत जुळतो. हाताने रंगवलेल्या दोन ओढण्या अशा कधीच जुळत नाहीत. एकाच स्कॅनवरून छपाई झाली, हे न्यायाधीशांना टेबलावरच दिसतं. त्या धुऊ नका, पिशवी, टॅग, बिल तसंच सीलबंद ठेवा. दुकानाच्या इन्स्टाग्राम पानाचे स्क्रीनशॉट घ्याल तेव्हा पानाचा वेबपत्ता आणि तारीख दिसू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारा तिचा खूण-आकडा) लिहावी लागते. नोटीस जाण्याआधी हे उरका. नोटीस मिळाल्यावर पहिली गोष्ट होते ती पानावरून फोटो उडतात.

नोटिशीत चित्राचं वर्णन, तुमच्या आणि त्यांच्या ओढणीचे शेजारी-शेजारी फोटो, आणि चार मागण्या : विक्री थांबवा, शिल्लक माल सांगा आणि सुपूर्त करा, छपाई कोणी केली त्याचं नाव आणि बिलं द्या, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या. उत्तराला १५ दिवस, स्पीड पोस्टने, पोहोचल्याच्या पुराव्यासह. भाषा मोजकी ठेवा. पोकळ धमकीच्या नोटिशीवर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० प्रमाणे समोरचाच दावा लावू शकतो. नोटिशीचा दुसराही उपयोग आहे. कलम ५५ मध्ये "कॉपीराइट आहे हे मला ठाऊक नव्हतं, तसं वाटायचं कारणही नव्हतं" असं सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही, फक्त मनाई हुकूम आणि नफा किंवा त्याचा भाग मिळतो. नोटीस हातात पडल्यानंतर विकलेल्या प्रत्येक ओढणीला हा बचाव उरत नाही. इथे तुम्ही स्वतः जाऊन विचारलंय, तेही कामाला येईल. कोणत्या दिवशी गेलात ते लिहून ठेवा.

ऐकलं नाही तर कलम ६२ मुळे तुम्हाला छपाईवाल्याच्या गावी जावं लागत नाही. माल बाहेरगावी छापला असला तरी दावा तुमच्या राहत्या ठिकाणच्या, म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात लागतो. दाव्याचं मूल्य ३ लाख किंवा जास्त असेल तर तो वाणिज्य न्यायालयात जातो, आणि तातडीची मनाई मागितली नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची असते. तिला ३ महिने, दोघांच्या संमतीने आणखी २. तातडी दाखवायची तर उशीर परवडत नाही. सहा महिने गप्प बसून सातव्या महिन्यात "फार घाई आहे" म्हटलेलं कोर्टाला पटत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

रकमेबद्दल स्पष्ट सांगते. २,८०० गुणिले त्यांनी विकलेल्या ओढण्या असा हिशोब कोर्ट करत नाही. ४५० रुपयांचं गिऱ्हाईक तुमच्याकडे आलंच असतं असं नाही. माझ्या मते छपाई बंद, माल ताब्यात आणि लेखी हमी मिळाली तर तडजोड करावी.

पोलीस? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दखलपात्र ठरवला आहे. तरी आधी तिकडे जाऊ नका. पहिल्या ओढणीच्या मालकीचा कागद हातात नसताना तक्रार दिलीत तर त्या कच्च्या जबाबाची प्रत पुढे दिवाणी दाव्यात तुमच्याच विरुद्ध वापरली जाईल. फेसबुकवर दुकानाचं नाव घालून "चोर" लिहिलंत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार त्यांच्या हाती देता. स्वतःच्या ओढणीचा फोटो खुशाल टाका, खंड्यासह.

डिसेंबरच्या नव्या चित्रासाठी दोन मार्ग आहेत. ५० च्या आतच थांबणार असाल तर कापडावरच सही आणि क्रमांक घाला, "७/३०" असा. जास्त काढायच्या असतील तर डिझाइनची नोंदणी करा : एकट्या व्यक्तीला अर्जाची फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. मुख्य अट ही की अर्जाआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. स्टॉलवर टांगलं, इन्स्टाग्रामवर टाकलं, की नवेपण गेलं. गोदाघाटासाठी म्हणूनच ही वाट बंद आहे.

आणि बिलबुकावर शिक्का करून घ्या : "या वस्तूवरील चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राखीव आहे. ऑर्डरवर केलेल्या कामासही हे लागू असून ग्राहकास ते मान्य आहे." खाली ग्राहकाच्या सहीला जागा. ऑर्डर घेतानाच सही घ्या, माल देताना नव्हे.