फॉस्फेटमुक्त पावडरने तळं सुधारतं का?

तुमचे प्रश्न दोन. फॉस्फरस मैल्यातून आणि खतांतूनही येतो, मग कपडे धुण्याच्या पावडरमधल्या फॉस्फेटवर, म्हणजे फॉस्फरसच्या क्षारावर, मर्यादा कशाला? आणि फॉस्फेटमुक्त पावडरने कपडे कडक का होतात?

आधी हिशोब. जुन्या पावडरींत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट हे फॉस्फेट असतं आणि त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा निव्वळ फॉस्फरस. पावडरमध्ये ते २० टक्के धरलं आणि १०० ग्रॅम पावडर टाकली, तर एका धुण्यात ५ ग्रॅम फॉस्फरस गटारात गेला. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवरच अडून असते, आणि १ ग्रॅमवर साधारण १०० ग्रॅम सुकं शेवाळ पोसतं. म्हणजे धुण्यामागे अर्धा किलो! युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती कपडे धुण्याच्या डिटर्जंटला एका धुण्याच्या मात्रेमागे ०.५ ग्रॅम फॉस्फरसची मर्यादा घातली. नुसती टक्केवारी बांधली असती तर कमी फॉस्फेटची पावडर जास्त टाकायला सांगून पळवाट काढता आली असती.

मैल्यातला फॉस्फरस येणारच. मैलापाण्यावरच्या नेहमीच्या जैविक प्रक्रियेत त्याचा बराच भाग न निघता पाण्यातच राहतो. तो काढायचा तर लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार टाकावे लागतात आणि वाढलेला गाळ निस्तरावा लागतो. पावडरमधला मात्र कारखान्यातच टाळता येतो. खतांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे खरंच.

आता कडकपणा. फॉस्फेट पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून विरघळलेलं ठेवतं. त्याच्या जागी नुसता धुण्याचा सोडा वाढवला की कॅल्शियम कार्बोनेट कापडात बसतं. टॉवेल खरखरीत होतात, पांढरे कपडे मळकट दिसतात. म्हणून झिओलाइट (कॅल्शियम धरून ठेवणारं न विरघळणारं खनिज) आणि त्याच्या मदतीला पॉलिकार्बोक्सिलेट किंवा सायट्रेट असलेली पावडर घ्या. एकटं झिओलाइट मॅग्नेशियम नीट धरत नाही, थंड पाण्यात तर कामही हळू करतं. मात्रा पाण्याच्या जडपणानुसार, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनुसार ठरवा. साका बसलाच असेल तर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून सुती कपडे अर्धा तास भिजवा, मग खळबळून काढा. क्लोरीनचं ब्लीच त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

मर्यादा घातल्यावरही तळं काही वर्षं हिरवं राहू शकतं. तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाला चिकटलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. तेवढ्यावरून उपाय फसला असं ठरवू नका. तळ्यात येणाऱ्या पाण्यातला एकूण फॉस्फरस आधी आणि नंतर मोजा. अहवालात आकडा फॉस्फेट म्हणून दिला असेल तर ३.०७ ने भागून फॉस्फरस काढा, मगच तुलना करा.