भाजीला पाणी का सुटतं?

प्रश्न : काकू, मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. घरी पोचायला साडेसात वाजतात. पोरांना चायनीजच्या गाड्यावरच्यासारख्या करकरीत भाज्या हव्या असतात, पण माझ्या कढईत सगळ्याला पाणी सुटतं आणि शेवटी कोबीचा रस्सा होतो. सॉस वाढवला की नुसतं खारट. गोल बुडाची चायनीज कढई घेऊ का? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : पैसे घालवू नका. ती कढई गाड्यावरच्या भट्टीची. आपल्या शेगडीवर ती डुगडुगते आणि टिचभर जागेत तापते. घरात बिडाची कढई असेलच, नाहीतर सासूबाईंना विचारा, माळ्यावर निघेल. बीड तापायला वेळ घेतं, पण भाजी पडल्यावर पटकन गार होत नाही. नॉनस्टिक मात्र नको. मोठ्या आचेवर रिकामं तापवलं की त्याचा थर खराब होतो.

आता जाळ. (कोल्हापुरात जाळ म्हटलं की लोकांना तिखट आठवतं, मी शेगडीचा म्हणतेय.) कढईत पाणी आहे तोवर उष्णता 100 अंशांवर अडते, आणि तो खरपूस वास यायला 140च्या आसपास लागतात. तोवर आपण उलथनं कितीही फिरवलं तरी भाजी उकडतच असते. मी रिकाम्या तापल्या कढईत चार थेंब पाणी शिंपडते. सुरसुरून आटले तर अजून थांबायचं. गोळ्या होऊन नाचायला लागले की पुसून शेंगतेल घालायचं.

तुमची खरी चूक मला वाटतं एकच आहे : चौघांची भाजी एकदम ओतताय. अर्धा किलो भाजी असेल तर दोन घाण्यांत करा. पहिला घाणा ताटात काढायचा, कढई परत तापू द्यायची, मग दुसरा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. गाजर आणि फरसबी आधी, मग ढब्बू मिरची, कोबी, आणि कांद्याची पात गॅस बंद करताना. मीठ-सोया सॉस अगदी शेवटी, कारण मिठानं भाजी पाणी सोडते. सॉस खारटच असतो, तेव्हा मीठ चाखून घाला.

कपिलतीर्थ मंडईतून आणलेली भाजी आदल्या रात्रीच धुऊन, चिरून, जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. ओली भाजी कढईत टाकली की वरची सगळी मेहनत वाया.

यात कांदा-लसूण चटणी छान लागते, पण कधी घालायची ते सांगते. मी एकदा धुरावलेल्या तेलात दोन चमचे घातली. घरभर ठसका, आमचे हे गॅलरीत, शेजारच्या वहिनी दारात, आणि चटणी काळी कडू. तेव्हापासून चटणी चमचाभर पाण्यात कालवून सॉसबरोबरच घालते.

प्रश्न : काकू, चिकनचे तुकडे असे परतले की चामड्यासारखे होतात. आणि फ्राइड राइसला भात ताजाच घ्यायचा का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चिकन धाग्यांना आडवं, पातळ कापा. पाव किलोला एक चमचा कॉर्नफ्लोअर, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, थोडा सोया सॉस लावून वीस मिनिटं ठेवा. त्या लेपामुळं आतला रस टिकतो. आधी चिकन पूर्ण शिजवून बाजूला काढायचं, भाज्या झाल्यावर परत मिसळायचं.

भात सकाळचा, फ्रीजमध्ये ठेवलेला घ्या. गरम भाताचा गिच्च गोळा होतो. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र परतायला घेऊ नका. त्यात जंतूंनी विष तयार केलेलं असेल तर ते कितीही जाळ लावला तरी जात नाही.