दार उघडलं की फ्रिजचा आवाज बंद, मग कॉम्प्रेसर गेला कसा?

प्रश्न: आमचा फ्रॉस्ट-फ्री डबल डोअर फ्रिज ६ वर्षांचा आहे. चार दिवस झाले फ्रीझरमधून कर्र-कर्र असा घासल्यासारखा आवाज येतोय, रात्री झोप लागत नाही. दार उघडलं की आवाज बंद, लावलं की परत सुरू. मधूनच पोटात गुडगुडल्यासारखं पण होतं. मेकॅनिक फोनवरच म्हणाला कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल. खरंच?

उत्तर: मला नाही वाटत. तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा, दार उघडलं की आवाज बंद होतो. कॉम्प्रेसर मागे खाली असतो, दार उघडलं म्हणून तो काही थांबत नाही. थांबतो तो फ्रीझरच्या मागच्या पॅनलआडचा छोटा पंखा, बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दाराच्या चौकटीत एक बटण असतं, दार उघडलं की ते सुटतं आणि पंखा बंद. दार उघडं ठेवून ते बटण बोटाने दाबून धरा, थोड्या वेळात कर्र-कर्र सुरू झालं तर आवाज पंख्याचाच.

आता पंखा घासतो कशाला, तर बहुतेक वेळा बर्फाला. आतल्या कॉइलवरचा, म्हणजे गार करणाऱ्या नळीवरचा, बर्फ वितळवायला हीटर असतो, तो ठराविक वेळाने चालू होतो, पाणी खालच्या ट्रेमध्ये जातं. पाणी जायचं भोक तुंबलं किंवा हीटर नाहीतर सेन्सर बिघडला की बर्फ साचत साचत पात्यांपर्यंत येतो. मागच्या पॅनलवर पांढरा थर दिसतोय का बघा. सामान बाहेर काढा, प्लग काढा, दोन्ही दारं पूर्ण एक दिवस उघडी ठेवा आणि खाली जुनी फडकी टाका, पाणी बरंच येतं. सुरीने बर्फ खरवडू नका प्लीज, आतली नळी नाजूक असते, भोक पडलं तर गॅस जातो, आणि आजकाल बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो जो पेट घेतो.

नंतर आवाज गेला आणि काही दिवसांनी परत आला तर मेकॅनिकला सरळ सांगा की हीटर, सेन्सर आणि पाण्याचं भोक तपासा. बर्फ नसतानाही घासत असेल तर पंख्याची मोटर झिजली असेल, ती एकटी बदलता येते.

गुडगुडण्याचं टेन्शन घेऊ नका, कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांमधला गॅस सरकतो त्याचा तो आवाज, नवीन फ्रिजमध्ये पण येतो.

कॉम्प्रेसरची शंका कधी घ्यायची? टक् करून दोन-चार सेकंद घुंई आणि परत टक् करून सगळं शांत, असं दर काही मिनिटांनी व्हायला लागलं आणि आतलं दूध गार राहिना, तेव्हा. कॉम्प्रेसर चालू व्हायला बघतो पण होत नाही असा त्याचा अर्थ. मग फ्रिज बंद करून माणूस बोलवा. तेव्हासुद्धा आधी रिले (कॉम्प्रेसर चालू करून देणारा छोटा स्विच) आणि व्होल्टेज तपासायला लावा, कधी कधी नुसता रिलेच गेलेला असतो.